घर दाखवण्याआधी घर सांगा: प्रॉपर्टी एजंटांसाठी अनुभवाचं बोलणं

"ताई, लीड कुठून आणता?" या धंद्यात नव्याने आलेलं कुणीही भेटलं की पहिला प्रश्न हाच असतो. लीड म्हणजे घर शोधणाऱ्यांची चौकशी, त्यांचे फोन. मी १७ वर्षं रीसेलची आणि भाड्याची घरं बघते. मला वाटतं, त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा: आलेला फोन वाया का जातो? ज्याच्याकडे महिन्याला चाळीस फोन येतात आणि एकही व्यवहार होत नाही, त्याने एक्केचाळिसाव्या फोनसाठी पैसे कशाला घालवायचे?

मला हे एका घराने शिकवलं. तिसऱ्या मजल्यावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट होता. सगळं छान, फक्त मागच्या बेडरूमची खिडकी उघडली की समोर शेजारच्या इमारतीची भिंत. अंतर जेमतेम हातभर. फोटो काढताना मी त्या खिडकीकडे पाठ करून उभी राहिले, पडदा ओढून घेतला, सगळे दिवे लावले. जाहिरातीत लिहिलं, 'प्रशस्त, हवेशीर फ्लॅट'. फोन भरपूर आले. ११ पार्ट्या घर बघून गेल्या. हॉल आवडायचा, स्वयंपाकघर आवडायचं, मग मागच्या खोलीत कुणीतरी पडदा बाजूला सारायचं आणि बोलणं थांबायचं. निघताना, 'घरी विचारून सांगतो'. अकराव्या खेपेला एक बाई लिफ्टमध्ये मला म्हणाल्या, "भिंत आहे हे आधी सांगितलं असतंत तर आमची सुट्टी वाया गेली नसती." त्यांच्या आवाजात राग नव्हता. तेच मला जास्त लागलं.

त्या रात्री मी जाहिरात नव्याने लिहिली:

'तिसरा मजला, दोन बेडरूम. हॉलमध्ये आणि पुढच्या बेडरूममध्ये सकाळचं ऊन येतं. मागच्या बेडरूमची खिडकी शेजारच्या भिंतीसमोर आहे, तिथे दिवसाही दिवा लावावा लागतो. खोली थंड आणि शांत राहते. लिफ्ट आहे. गाडी एकच लावता येते.'

भिंतीचा फोटोही टाकला. फोन निम्म्याहून कमी झाले. तीन पार्ट्या आल्या आणि तिसरीने घर घेतलं. त्या बाई रात्रपाळी करणाऱ्या नर्स होत्या. दिवसा झोपता येईल अशी अंधारी, शांत खोली त्या कधीपासून शोधत होत्या, आणि माझ्या पहिल्या जाहिरातीत त्यांना ती दिसलीच नव्हती.

उणीव आधी सांगितल्याने घर पडून राहतं, ही भीती मलाही होती. उणीव लपून राहत नाही, एवढाच अनुभव आहे. ती आज फोनवर कळेल किंवा चार दिवसांनी दारात कळेल. दारात कळली की घरासोबत तुमच्यावरचा विश्वासही जातो, आणि ती पार्टी तुमचं दुसरं घर बघायलाही येत नाही.

घर हातात घेतल्याचा पहिला दिवस

मालकाने चावी दिली की लगेच फोटो काढायला धावू नका. आधी बसा. मी मालकाला दोन प्रश्न विचारतेच. एक: "हे घर घेताना तुम्हाला काय खटकलं होतं?" दोन: "इथे राहायला आल्यावर कशाची सवय करून घ्यावी लागली?" या दोन प्रश्नांच्या उत्तरांत अर्धी जाहिरात असते. कुणी सांगतं, वरच्या मजल्यावर पाण्याचा दाब कमी असतो. कुणी म्हणतं, संध्याकाळी शाळा सुटली की गेटवर वीस मिनिटं गाडी निघत नाही. हे सगळं वहीत लिहून घ्या. मग वेगळ्या वेळी एकदा एकट्याने परत जा, खिडक्या उघडून थोडा वेळ गप्प बसा. आवाज, वास, उजेड हे कागदावर मिळत नाहीत.

मोजमाप स्वतः करा. लेझर मीटर असला तर पाच मिनिटांचं काम आहे, नसला तर टेप पुरे. भिंतीच्या आतल्या बाजूपासून आतल्या बाजूपर्यंत प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी घ्या. कागदावरचं क्षेत्रफळ कधी चौरस मीटरमध्ये असतं, मालक बोलतात चौरस फुटांत, आणि अंदाजाने १० ने गुणून मोकळे होतात. १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. ७० चौरस मीटरच्या घराला १० ने गुणलं तर ७०० येतात, खरे आहेत ७५३. फरक एका लहान खोलीएवढा आहे. आणि बघायला येणाऱ्याला एकूण आकड्यापेक्षा 'आमचा सहा फुटी पलंग लावून कपाटाचं दार उघडेल का' हे हवं असतं. म्हणून मी खोलीच्या फोटोखाली तिची मापं लिहिते. त्याने फोनवरचे कितीतरी प्रश्न आपोआप मिटतात.

इथे एक सीमा सांभाळायला हवी. घराची उणीव ही घेणाऱ्याच्या कामाची माहिती आहे. मालकाची अडचण ही मालकाची आहे. कर्ज, घरातले वाद, विकायची घाई, यातलं एक अक्षरही बाहेर जाता कामा नये. आणि उणीव जाहिरातीत घालण्याआधी मालकाला समजावून त्यांचा होकार घ्या. बहुतेक मालक आधी बिचकतात. मी त्यांना भिंतीची गोष्ट सांगते.

फोटो

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण लोक घर आधी अंगठ्याने बघतात. पहिल्या फोटोवर अंगठा थांबला तर पुढचं सगळं.

फोन आडवा धरा. छातीच्या उंचीवर, सरळ. वर किंवा खाली कललेला नको. फोन कलला की भिंती तिरक्या दिसतात आणि बघणाऱ्याला कारण न कळताच खोली विचित्र वाटते. कॅमेऱ्यात जाळीच्या रेषा दाखवायची सोय असते, ती चालू करा आणि दाराची चौकट त्या रेषेशी जुळवा. ०.५ ची वाइड लेन्स जपून वापरा. तिने लहान खोली हॉलसारखी दिसते, कडेचा फ्रिज लांबुळका होतो, आणि प्रत्यक्ष आलेला माणूस दारातच म्हणतो, "फोटोत मोठी वाटली होती." मी ती बाथरूमपुरती ठेवते, कारण तिथे मागे सरकायला जागाच नसते. बाकी ठिकाणी कोपऱ्यात किंवा दारात उभं राहून साध्या लेन्सने काढलेला फोटो खरा येतो.

उजेड असताना जा. दिवे सगळे एकाच रंगाचे नसतील तर बंद ठेवा, नाहीतर एक भिंत पिवळी आणि एक निळी येते. कमोडचं झाकण खाली, ओट्यावरची भांडी आत, दोरीवरचे कपडे आत. फ्रिजवरचे फोटो, मुलांच्या शाळेचं नाव असलेली दप्तरं, देवघरातली चांदी, तिजोरी, टेबलावरचे कागद यातलं काहीही फ्रेममध्ये येऊ देऊ नका. ते घर अजून कुणाचं तरी राहतं घर आहे. आणखी एक गोष्ट अनेकांना माहीत नसते: फोनमध्ये लोकेशन चालू असेल तर फोटोच्या फाइलमध्ये जागेचे नेमके अक्षांश-रेखांश साठतात. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवला तर ते निघून जातात, पण दर्जा टिकावा म्हणून तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवला की सोबत जातात. घर बंद असेल तर हे धोक्याचं आहे. कॅमेऱ्याचं लोकेशन आधीच बंद करून ठेवा.

रिकाम्या खोलीत कॉम्प्युटरवर सोफे-पलंग मांडून दाखवायची सोय आता सहज मिळते. वापरायला हरकत नाही. फोटोवरच 'फर्निचर काल्पनिक' असं लिहा आणि शेजारी रिकाम्या खोलीचा फोटो द्या. भिंतीवरची ओल पुसणं, खिडकीबाहेर झाडं लावणं, हे करू नका. तो फसवणुकीचा भाग झाला.

फोन आल्यावर

लगेच उचला, आणि उचलता आला नाही तर त्याच दिवशी उलट फोन करा. घर शोधणारा माणूस एका बैठकीत चार-पाच ठिकाणी फोन लावतो आणि जो नीट बोलतो त्याच्याशी पुढचं ठरवतो. पत्ता सांगून वेळ देण्याआधी तीन गोष्टी विचारा: राहायला कधी यायचंय, घरात कोण कोण आहे, आणि आत्ताच्या घरात काय पुरत नाही. तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. 'मोठं घर हवंय' म्हणणाऱ्याला कधी कधी खोली मोठी नको असते, आईसाठी वेगळं बाथरूम हवं असतं. हे कळलं की सहा घरांऐवजी दोन दाखवावी लागतात.

मग मी स्वतःहून उणीव सांगते. "येण्याआधी एक सांगते, मागच्या खोलीत उजेड कमी आहे. चालणार असेल तरच या." काही जण तिथेच नाही म्हणतात. त्यांचा आणि माझा अर्धा दिवस वाचतो, आणि पुढे काही निघालं की हेच लोक मला आपणहून विचारतात.

कमिशनही याच बोलण्यात सांगा. किती, कोणाकडून, कोणत्या टप्प्यावर. ताकाला जाऊन भांडं लपवू नये. टोकनच्या, म्हणजे व्यवहार पक्का करायची आगाऊ रक्कम द्यायच्या दिवशी पहिल्यांदा आकडा काढणाऱ्या एजंटामुळे जमलेली बैठक मोडताना मी पाहिली आहे. फोनवर सांगितलं की पाठोपाठ लेखीही पाठवा.

नोंदीसाठी महागडं सॉफ्टवेअर सुरुवातीला लागत नाही. व्हॉट्सअॅप बिझनेसमध्ये लेबलं असतात. मी चारच ठेवलीत: 'नवीन', 'घर बघितलं', 'विचार चालू', 'नंतर'. रोज सकाळी 'घर बघितलं' उघडायचं आणि प्रत्येकाला त्याच्या कारणाला धरून लिहायचं. 'काही ठरलं का?' हा मेसेज मी कधी पाठवत नाही, त्याला उत्तर येत नाही. त्याऐवजी, 'दादा, तुम्ही जिन्याखाली दुचाकी लावता येईल का विचारलं होतंत. सेक्रेटरींना विचारलं, एक लावता येते.' याला उत्तर येतं, कारण त्यात काहीतरी दिलेलं असतं.

ब्रॉडकास्ट यादी, म्हणजे व्हॉट्सअॅपवर एकच मेसेज एकदम अनेकांना वेगवेगळा पाठवायची सोय, ज्यांना मोठी ताकद वाटते त्यांच्यासाठी: एका यादीत जास्तीत जास्त २५६ जण बसतात, आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच तो मेसेज पोचतो. म्हणून पहिल्या बोलण्यातच 'माझा नंबर सेव्ह करा' म्हणा. आणि यादी गरजेप्रमाणे पाडा. भाड्याने घर शोधणाऱ्याला विक्रीची दुकानं पाठवत राहिलात तर तो ब्लॉक करेल, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

गूगलवर आपल्या ऑफिसचं प्रोफाइल जरूर करा, ते फुकट आहे. विकायच्या प्रत्येक फ्लॅटचं वेगळं प्रोफाइल मात्र करू नका. गूगलच्या नियमात ते बसत नाही. अभिप्राय मागताना बदल्यात भेट किंवा सूट देणंही नियमाबाहेर आहे. नुसतं मागा, आणि ताबा मिळाला त्याच आठवड्यात मागा. 'चांगलं लिहा' म्हणू नका. 'कुठे अडलं होतं आणि ते कसं सुटलं ते लिहा' असं सांगा.

मालकाशी दर आठवड्याला

घर पडून राहतं तेव्हा एजंट मालकाचा फोन टाळू लागतो. मीही सुरुवातीला टाळायचे. आता दर शनिवारी स्वतः पाठवते: किती फोन आले, किती जण बघून गेले, आणि कोण काय म्हणालं ते त्यांच्याच शब्दांत. किमतीचं बोलणं याने सोपं होतं. 'किंमत कमी करा' असं मी सांगितलं तर मालकाला वाटतं मला व्यवहार उरकायचाय. सलग तीन शनिवार सात वेगवेगळ्या माणसांनी एकच गोष्ट म्हटलेली त्यांनी वाचली की ते आपणहून विचारतात, काय करूया. किंमत ठरवताना जवळपास खरोखर झालेले व्यवहार समोर ठेवा. शेजाऱ्याने जाहिरातीत टाकलेला आकडा हा त्याची इच्छा आहे; घर त्या आकड्याला गेलंय असं नाही.

त्याच वहीत स्वतःसाठी तीन आकडे ठेवा: फोन, भेटी, आणि ज्यांनी किंमत बोलली ते. फोन भरपूर आणि भेटी नाहीत, तर फोनवरचं बोलणं तपासा. भेटी भरपूर आणि कुणी किंमत बोलत नाही, तर जाहिरात आणि घर यांत अंतर आहे. फोटो घेऊन त्या घरात उभे राहा आणि एकेक ताडून बघा. किंमत बोलली जाते पण जमत नाही, तर मालकाशी बसायची वेळ आली. फोनच नसतील, तेव्हाच जाहिरातीवर पैसे वाढवा.

ताबा दिल्यावर साधारण महिन्याने मी घेणाऱ्याला एक फोन करते. विकायचं काही नसतं. विचारते एवढंच: "राहायला गेल्यावर असं काय निघालं जे मी सांगितलं नव्हतं?" त्या नर्सबाई म्हणाल्या होत्या, भिंतीपलीकडे पंप आहे, पहाटे पाचला दहा मिनिटं घरघरतो. त्या वेळी त्या ड्यूटीवर असतात, म्हणून त्यांना त्रास नाही. पण त्याच इमारतीतला वरचा फ्लॅट पुढच्या वर्षी माझ्याकडे आला, तेव्हा पंपाची वेळ जाहिरातीत पहिल्या दिवसापासून लिहिलेली होती.