सोन्याचे कण निळे का पडतात? लेप चढवताना या चुका टाळा

सोन्याच्या नॅनोकणांचं डाळिंबाच्या रसासारखं लाल द्रावण, त्यात फॉस्फेट बफरचे (पीएच स्थिर ठेवणाऱ्या खारट द्रावणाचे) चार थेंब, आणि बघता बघता सगळं जांभळं, मग राखाडी. नॅनोकणांवर काम करणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा तरी पाहिलेलं असतं. पहिला संशय कणांवर जातो आणि कण पुन्हा बनवायला घेतले जातात. मीही तेच केलं, तीनदा. कण चांगलेच होते, अंगावरचा लेप कच्चा होता.

क्लोरोऑरिक आम्लाच्या (सोन्याच्या संयुगाच्या) उकळत्या द्रावणात सायट्रेट घालण्याची पद्धत टर्केविच आणि सहकाऱ्यांनी 1951 मध्ये मांडली, ती आजही चालते. या कणांवर सायट्रेटचा ऋण भार असतो. त्यामुळे कण एकमेकांना दूर ठेवतात आणि द्रावण लाल राहतं, प्रकाश शोषणाचं शिखर 520 नॅनोमीटरच्या आसपास. पण सायट्रेट पृष्ठभागाला सैल धरून असतं. मीठ पडलं की भार झाकला जातो, कण जवळ येतात, चिकटतात, आणि रंग निळसर होतो. हे कण शरीरात वापरायचे तर रक्तात मीठ आहेच. म्हणजे शुद्ध पाण्यात महिनाभर टिकलेली बाटली दाखवून काहीच सिद्ध होत नाही.

म्हणून लेप. थायॉल (सोन्याला धरणारा गंधकाचा गट) टोकाला असलेलं पीईजी, म्हणजे पाण्यात विरघळणारी लांब साखळी, सायट्रेटला हटवून सोन्याला घट्ट बसतं. इथे कंजूषी नडते: पीईजी कमी पडलं तर पृष्ठभाग मधेमधे उघडा राहतो. जुनी उघडी बाटलीही दगा देते, कारण हवेत थायॉल टोकं आपापसात जुळून बसतात. आणि बफर आधी, पीईजी नंतर हा क्रम तर सरळ आत्मघात. आधी पाण्यात लेप चढू द्या, मग मीठ.

कणांवर अँटिबॉडी (लक्ष्य ओळखून धरणारं प्रथिन) चढवताना पीएच सर्वांत जास्त छळतो. प्रथिनाच्या समविद्युत बिंदूच्या (ज्या पीएचला त्यावरचा एकूण भार शून्य होतो) किंचित वर पीएच ठेवायचा ही जुनी रीत आहे. अँटिबॉडी किती लागेल याचा अंदाज बांधू नका. लहान नळ्यांत प्रमाण वाढवत न्या, प्रत्येकीत 10 टक्के मिठाचं पाणी घाला, दहा मिनिटं थांबा. ज्या नळीपासून पुढे लाल रंग टिकतो, तिथलं प्रमाण पुरेसं. थोडं वर घ्या. नंतर बीएसए (गाईच्या रक्तातलं प्रथिन) घालून उरलेली जागा भरा. घरी वापरतात त्या गर्भधारणा चाचणीच्या पट्टीवरची लाल रेघ बहुधा अशाच सोन्याची असते. तिथे जागा उघडी राहिली तर नको तिथे रेघ उमटते.

धुताना सेंट्रिफ्यूज जोरात फिरवला की तळाशी काळी, कडक पेलेट बसते आणि कितीही हलवलं तरी सुटत नाही. वेग कमी, वेळ जास्त. पण धुणं टाळूही नका, मोकळी अँटिबॉडी उरली तर तीच लक्ष्याला आधी जाऊन चिकटते.

मोजमापातली गफलत जास्त फसवी असते, कारण आकडा छापून येतो. डीएलएसमध्ये (प्रकाशाच्या विखुरण्यावरून कणांचा आकार मोजण्याच्या पद्धतीत) विखुरलेला प्रकाश व्यासाच्या सहाव्या घातानुसार वाढतो. 100 नॅनोमीटरचा एक कण 10 नॅनोमीटरच्या दहा लाख कणांइतका चमकतो, त्यामुळे धुळीचा एक कणही सगळा आलेख बिघडवू शकतो. टीईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) धातूचा गाभा दिसतो, पीईजीचा थर जवळजवळ दिसतच नाही. तो दिसला नाही म्हणून लेप नाही असं समजू नका. झीटा (कणांच्या पृष्ठभागावरच्या भाराचं माप) शून्याकडे आला म्हणून घाबरणारेही पाहिलेत; पीईजीने भार झाकल्यावर दुसरं काय होणार?

पेशींवरच्या चाचण्यांत तर सोनं स्वतःच खोटी साक्ष देतं. एमटीटी या जिवंत पेशी मोजण्याच्या चाचणीचा रंग साधारण 570 नॅनोमीटरला वाचतात, तिथे सोनंही प्रकाश शोषतं, आणि मेलेल्या पेशी जिवंत वाटतात. पेशींशिवाय नुसते कण घातलेला एक कप्पा ठेवाच. सोन्याच्या नॅनोकांड्या वापरत असाल तर उलटी फसगत होते: पेशी मरतात त्या बऱ्याचदा कांड्यांमुळे नाही, कांड्या बनवताना वापरलेल्या आणि न धुतलेल्या सीटॅब या साबणासारख्या पदार्थामुळे. शिवाय ऑटोक्लेव्हने (दाबाखालच्या वाफेने) जिवाणू मरतात, त्यांचं एंडोटॉक्सिन (त्यांच्या कवचातलं विष) उरतं. काचेची भांडी 250 अंशांवर अर्धा तास कोरडी भाजा, नाहीतर पेशींना आलेली सूज तुम्ही कणांच्या नावावर लिहाल.

भांड्यांवरून आठवलं. कण बनवण्याआधी भांडी अम्लराजाने (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणाने) धुवा, फ्यूम हूडमध्येच, आणि ते कधी बुच लावून ठेवू नका.

सगळं नीट जमलं तरी एक बारीक सापळा उरतो, फ्रिज. आमच्याकडे एकदा मागच्या भिंतीला टेकलेली बाटली रात्रीत गोठली. सकाळी वितळल्यावर वर स्वच्छ पाणी, तळाशी काळा गाळ. तेव्हापासून सोन्याच्या बाटल्या आम्ही दाराच्या कप्प्यात ठेवतो.