प्लेसमेंट का होत नाही? फिशबोन काढताना या चुका टाळा

कॉमर्स शिकवता शिकवता गेली बारा वर्षं मी कॉलेजचा प्लेसमेंट सेल, म्हणजे मुलांना नोकऱ्या मिळवून देणारा विभाग, सांभाळते आहे. प्लेसमेंट का होत नाही हे शोधायला मुंबईतली इतर कॉलेजंही कधीमधी बोलावतात. गेलं की फळ्यावर माशाचा सांगाडा आधीच काढलेला असतो. हाच फिशबोन: डोक्यात समस्या लिहायची आणि एकेका काट्यावर तिचं एकेक कारण. डोक्याच्या चौकोनात 'प्लेसमेंट कमी' आणि पहिल्याच काट्यावर 'विद्यार्थ्यांचं इंग्रजी कच्चं'. मग स्पोकन इंग्लिशचे वर्ग लागतात. वर्षभरानं जावं तर तेच डोकं आणि तोच काटा. जीव तुटतो, कारण मधल्या वर्षात एक अख्खी बॅच हातातून निघून गेलेली असते.

डोकं मोघम लिहिणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आणि आम्हीही ती केली आहे. आमच्या टीवायबीकॉमच्या, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या, मुलांना नोकऱ्या लागत नव्हत्या. आम्ही सांगाडा काढला, इंग्रजीवर बोट ठेवलं आणि पूर्ण सेमिस्टर शनिवारी दुपारी वर्ग घेतले. मुलं मनापासून यायची, पण आकडा जागचा हलला नाही.

शेवटी एका संध्याकाळी मी स्टाफरूममध्ये वही घेऊन बसले आणि पानावर रकाने आखले: नाव नोंदवलं, कंपनीच्या अटीत बसला, अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट दिली, मुलाखतीपर्यंत पोचला, निवड झाली, रुजू झाला. प्रत्येक रकान्यात किती मुलं उरली ते मोजलं. इंग्रजीचा कस मुलाखतीत लागतो आणि तिथे आमची मुलं बऱ्यापैकी टिकत होती. खरी गळती शेवटच्या रकान्यात होती. निवड झालेल्यांपैकी निम्मी मुलं रुजूच झाली नव्हती.

मी एकेकाला फोन लावायला घेतले. बदलापूरच्या एका मुलीच्या वडिलांनी फोन उचलला. म्हणाले, "मॅडम, नोकरी चांगलीच आहे हो. पण शिफ्ट सुटणार मालाडला रात्री साडेअकराला. कंपनीची गाडी ठाण्यापर्यंतच सोडते. तिथून पुढे मध्यरात्री एकट्या पोरीनं बदलापूरला कसं यायचं? तुम्ही सांगा, मी उद्या पाठवतो." माझ्याकडे उत्तर नव्हतं. टिटवाळा, आसनगाव, वांगणी, सगळ्या घरांतून थोड्याफार फरकानं हेच ऐकलं. ड्रॉपची हद्द कंपनीच्या पत्रकात स्वच्छ छापलेली होती. आम्ही कोणी ती वाचली नव्हती.

तेव्हा डोक्यात लिहायला हवं होतं ते असं: 'निवड झालेली निम्मी मुलं रुजू होत नाहीत.' एवढं वाक्य बदललं की काटेही बदलतात. शिफ्टची वेळ, ड्रॉपची हद्द, घरच्यांची परवानगी, रुजू होताना मागितलेली पण हातात न आलेली सहाव्या सेमिस्टरची गुणपत्रिका. आणि मुळाशी आमचीच एक गोष्ट निघाली. मुलं राहतात कुठे हे न पाहता आम्ही दरवर्षी कंपन्यांची तीच जुनी यादी पुढे चालवत होतो.

तेव्हापासून हे रकाने भरल्याशिवाय मी खडू हातात घेत नाही. नव्यानं सेलमध्ये आलेल्यांना याचा कंटाळा येतो. तयार नमुना डाउनलोड करून अर्ध्या तासात पीपीटी उरकायची असते. मला ती घाई अजिबात मान्य नाही. वही भरायला दोन दिवस लागतात, चुकीच्या उपायात सहा महिने जातात.

कारखान्याचे काटे कॉलेजला लावणं

ही आकृती काओरू इशिकावा या जपानी प्राध्यापकांची. १९४३ च्या सुमारास कावासाकीच्या कारखान्यात त्यांनी ती वापरली. माणूस, यंत्र, कच्चा माल, पद्धत, मोजमाप, परिसर हे सहा काटे उत्पादनातल्या दोषासाठी योग्यच आहेत. पण कॉलेजात ते जसेच्या तसे उचलले की 'कच्चा माल' खाली विद्यार्थी येतात, आणि मग सगळा दोष मालाचा ठरतो. मुलांना माल म्हणणारा तक्ता मी स्वतः पुसलेला आहे. माझे काटे वेगळे असतात: मुलं कुठून येतात, अभ्यासक्रम, निकालाच्या तारखा, कंपन्या कशा निवडल्या, कंपनीच्या अटी आणि घर. दहावी, बारावी, पदवी सलग साठ टक्के आणि एकही केटी (नापास होऊन राहिलेला विषय) नको, या एका अटीनं किती मुलं दारातच अडतात ते मोजलेलं फार थोड्या ठिकाणी दिसतं.

उपायालाच कारण म्हणणं

'मॉक इंटरव्ह्यूंचा अभाव', 'सॉफ्ट स्किल प्रशिक्षणाचा अभाव'. ही कारणं नव्हेत. काय करायचं ते आधीच मनात ठरवून त्याच्यामागे 'अभाव' जोडलेला असतो. मी सरळ सांगते, या तक्त्यात 'अभाव' शब्द वापरायचा नाही. मग माणसाला लिहावंच लागतं: 'अकाउंट्सचा विषय विचारला की मुलं बोलतात, स्वतःबद्दल विचारलं की गप्प होतात.' हे मुलाखतीला बसून तपासता येतं. 'अभाव' कसा तपासणार?

आणखी काही

एम.कॉम.ला गेलेली आणि सीएची आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालची उमेदवारी) करणारी मुलं बेकारांत मोजू नका. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या पाचव्या निकषातही नोकरीबरोबर उच्च शिक्षण धरलेलं आहे.

पगाराची सरासरी सांगून समाधान मानू नका. नऊ मुलांना २.४ लाख आणि एकाला १२ लाख मिळाले तर सरासरी ३.३६ लाख होते, पण मध्यक, म्हणजे पगार चढत्या क्रमानं लावले की मधोमध येणारा आकडा, २.४ लाखच राहतो. एनआयआरएफ, म्हणजे केंद्र सरकारची कॉलेजांची क्रमवारी, मध्यकच मागते.

कारणाच्या मुळाशी जायला 'का?' पाच वेळा विचारतात. तसं विचारताना माणसाच्या नावापाशी थांबू नका. 'अमुक सर फोन करत नाहीत' यावर पुढचं 'का' आहे: त्यांच्याकडे आठवड्याला किती लेक्चरं आहेत?

खोलीत फक्त प्राध्यापक नकोत. गेल्या वर्षी पास झालेली, नोकरी न लागलेली चार मुलं बोलवा. त्यांना चहा द्या आणि पहिला अर्धा तास आपण बोलू नका.

नॅकची टीम यायच्या आदल्या आठवड्यात हा तक्ता काढू नका. तो फाइलसाठी होतो.

पाला माशाच्या काट्यांसारखा गच्च सांगाडा भिंतीला लावून ठेवू नका. प्रत्येक काट्यापुढे मी दोन गोष्टी लिहिते: हे कुणी तपासलं आणि कशावरून. पुढे काहीच लिहिता येत नसेल तर तो काटा अजून अंदाज आहे, त्यावर खर्च करायचा नाही. आणि कंपन्यांच्या यादीत आता एक जास्तीचा रकाना असतो, 'ड्रॉप कुठपर्यंत'. तो भरल्याशिवाय कॅम्पसची तारीख दिली जात नाही.