नवे रनिंग शूज अंगवळणी कसे पाडायचे

शूजमुळे दुखापत टळेलच असं नाही. शूज पायावरचा भार फक्त इकडून तिकडे हलवतात. टाचेखालचा थर पुढच्या चवड्याखालच्या थरापेक्षा जितका उंच, तितका त्या शूजचा ड्रॉप. १० ते १२ मि.मी. ड्रॉपमध्ये गुडघ्यावर तुलनेने जास्त ताण येतो. ० ते ४ मि.मी. असेल तर तो पोटरी आणि टाचेमागच्या अकिलीस शिरेवर जातो. म्हणून टाचेची शीर आधीच कुरकुरत असेल तर कमी ड्रॉपच्या शूजच्या वाटेला जाऊ नका.

दुकानात ‘तुमचा पाय सपाट आहे, हेच घ्या’ असं सांगतात. अमेरिकी लष्करात भरती झालेल्या नव्या सैनिकांना तळव्याच्या कमानीनुसार शूज देऊन पाहिले गेले, दुखापती काही घटल्या नाहीत. घालून धावताना कुठेही टोचत, दाबत नाहीत ना, हीच कसोटी जास्त भरवशाची.

खरेदीला संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. धावायचे मोजे न्या. उभं राहून पायाच्या सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा आहे का ते बघा. अनेकांच्या पायाचं दुसरं बोट अंगठ्याहून लांब असतं. जागा कमी पडली की उतारावर नखं काळी पडतात. टाच वर सरकत असेल तर लेस शेवटच्या जादा भोकातून ओवून पहा.

आता मुख्य काम. जुने शूज टाकू नका. पहिल्या आठवड्यात नवे शूज दोनदाच, २-३ कि.मी., सपाट रस्त्यावर, आरामात. बाकीचं धावणं जुन्यातच. मग दर आठवड्याला नव्या शूजमधलं अंतर थोडं वाढवा. ड्रॉप सारखाच असेल तर तीन-चार आठवडे पुरतात, जुन्यापेक्षा ४ मि.मी.हून जास्त घटत असेल तर दोन-तीन महिने द्या. या काळात एकूण अंतर वाढवायचं नाही, चढ आणि वेगाचे सराव नव्या शूजमध्ये नकोत. हाडं आणि शिरा स्नायूंपेक्षा सावकाश जुळवून घेतात. २०१३ च्या एका अमेरिकी अभ्यासात दहा आठवड्यांत पातळ तळाच्या शूजकडे वळलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांच्या पायाच्या हाडांत एमआरआयवर सूज दिसली होती. जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन करायची असेल तर डिसेंबरअखेर शूज बदलणं धोक्याचं.

साधारण ५०० ते ८०० कि.मी.नंतर फोम बसतो. खालचं रबर शाबूत दिसत असलं तरी शूज टेबलावर ठेवून मागून बघा: एका बाजूला कलले असतील किंवा फोमला बाजूने खोल सुरकुत्या असतील, तर संपले. पावसाळ्यात आतला सोल काढून वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि पंख्याखाली वाळवा. कडक उन्हात डिंक सुटतो. शक्य असेल तर दोन जोड आलटून पालटून वापरा, म्हणजे तोच ताण रोज त्याच जागी पडत नाही.

पोटरी एक-दोन दिवस जड वाटली तर चालेल. पण हाडावर एका बोटाने दाखवता येईल अशा जागी दुखत असेल, एका पायावर उडी मारताना कळ येत असेल किंवा रात्री ठणकत असेल, तर धावणं थांबवून हाडांच्या डॉक्टरांकडे जा. तेव्हा आणखी एक जोड विकत घेऊन बघू नका.