तुलूझचा ऑर्गन महोत्सव: आधी वाद्य निवडा, मग खुर्ची

दक्षिण फ्रान्समधल्या तुलूझ शहरात दर ऑक्टोबरमध्ये ‘तुलूझ लेझ ऑर्ग’ हा पाइप ऑर्गनचा महोत्सव भरतो. मिशेल बुव्हार आणि यान विलेम यान्सेन या दोन वादकांनी तो १९९६ साली सुरू केला. पाइप ऑर्गन उचलून दुसरीकडे नेता येत नाही, म्हणून मैफली चर्चमध्ये होतात आणि श्रोतेच या चर्चमधून त्या चर्चमध्ये फिरतात. कार्यक्रमपत्रिका हातात आली की बहुतेक जण वादकाचं नाव शोधतात. इथे तो क्रम उलटा ठेवावा. आधी चर्च पाहा, मग रचनाकार आणि वादक सर्वांत शेवटी. उत्तम वादकही चुकीच्या वाद्यावर चुकीची रचना घेऊन बसला तर ऐकणाऱ्याच्या पदरात फक्त गोंगाट पडतो.

नाट्यसंगीताच्या साथीला असायचा तो ऑर्गन डोळ्यांसमोर असेल, तर एक फरक आधीच ध्यानात घ्या. तो पायाने भाता मारून वाजवायचा आणि त्यात पेटीसारखी पितळी पाती असायची. पाइप ऑर्गनमध्ये प्रत्येक सुराला स्वतंत्र नळी असते, आणि प्रत्येक स्टॉपसाठी, म्हणजे एकेका जातीचा आवाज चालू करायला ओढायच्या खुंटीसाठी, अशा नळ्यांची निदान एक अख्खी रांग. स्टॉपवर लिहिलेला आकडा फुटांत असतो. ‘८’ म्हणजे त्या रांगेतली सर्वांत खालच्या सुराची नळी साधारण ८ फूट लांब, आणि पट्टी दाबल्यावर येणारा सूर लिहिल्याप्रमाणेच. ‘४’ एक सप्तक वर बोलतो, ‘१६’ एक सप्तक खाली. ‘३२’ असेल तर सर्वांत खालचा सूर सेकंदाला सुमारे १६ कंपनांचा असतो. तो कानापेक्षा छातीत आणि खुर्चीच्या पाठीत जास्त जाणवतो. फोनच्या रेकॉर्डिंगमध्ये तो येतच नाही, तेव्हा फोन खिशातच राहू द्या.

आता वाद्यांकडे वळू. सँ-सेर्नँ बॅसिलिकातला ऑर्गन आरिस्तीद कावाये-कोल याने १८८९ मध्ये बांधला: ५४ स्टॉप, हातांसाठी पट्ट्यांच्या ३ रांगा आणि खाली पायपट्ट्या. दर्शनी भागात आडव्या बसवलेल्या तुताऱ्या दिसतात, त्यांचा आवाज थेट समोर फेकला जातो. एकोणिसाव्या शतकातलं फ्रेंच संगीत, म्हणजे सेझार फ्रांक, विदोर, व्हिएर्न, ऐकायचं तर इथेच. त्या मंडळींनी कावाये-कोलच्या वाद्यांचा आवाज गृहीत धरूनच लिहिलं. याच वाद्यावर भरगच्च, वेगवान, तीन-चार स्वतंत्र ओळींचं बाखचं काम ठेवलेलं असेल तर जरा विचार करा. बॅसिलिका शंभर मीटरहून लांब आहे. एक सूर विरायच्या आत पुढचे अनेक सूर येऊन आदळतात आणि ओळी एकमेकींत मिसळून जातात. जाणता वादक लय उतरवतो, सूर तोडून वाजवतो. तरीही दगडी कमानींपुढे त्याचं फारसं चालत नाही.

बाख आणि त्याच्या आधीचा बुक्स्टेहुडे यांच्यासाठी ओग्युस्तँ संग्रहालयातला ऑर्गन आहे. हा जुन्या मठातला. युर्गेन आरेंड याने तो १९८१ मध्ये उत्तर जर्मन धाटणीने बांधला. सूर स्वच्छ, सुरुवात ठळक, प्रत्येक ओळ वेगळी ऐकू येते. हे संग्रहालय नूतनीकरणासाठी बराच काळ बंद होतं, तेव्हा त्या वर्षीच्या पत्रिकेत त्याचं नाव आहे की नाही ते आधी पाहा आणि मगच बेत आखा.

कुपरँ, द ग्रिन्यी अशा जुन्या फ्रेंच रचनाकारांसाठी सँ-प्येर-दे-शार्त्रू. तिथल्या वाद्याचं मूळ १६८३ चं, रोबेर द्लोनेच्या हातचं. या संगीतात प्रत्येक तुकड्याच्या नावातच कुठले स्टॉप ओढायचे ते सांगितलेलं असतं. ‘प्लँ ज्यू’ म्हणजे पाती नसलेल्या साध्या नळ्यांचा चकचकीत थर, ‘ग्राँ ज्यू’ म्हणजे पातीच्या, म्हणजे आत धातूचं थरथरतं पातं असलेल्या, नळ्यांचा खणखणाट. पत्रिकेतली ही नावं वाचत ऐकलं की दोन-तीन तुकड्यांतच कान तयार होतो. आमच्या मते नवख्याने सुरुवात इथूनच करावी, सँ-सेर्नँपासून नव्हे. सँ-सेर्नँचा आवाज पहिल्यांदा ऐकल्यावर काही वेळ दुसरं काही नीट ऐकूच येत नाही.

ऑर्गन बांधणारं तुलूझचं स्वतःचं घराणं म्हणजे प्युजे. दोराद (१८६४), तोर (१८८०) आणि दाल्बाद (१८८८) या तीन चर्चमध्ये त्यांची वाद्यं आहेत. कावाये-कोलच्याच काळातली, पण पोत थोडा मऊ. निवडायचंच झालं तर दाल्बाद घ्या. जेझू हे आता पूजेसाठी न वापरलं जाणारं चर्च महोत्सवाचं मुख्य ठाणं आहे. तिथे १८६४ चा कावाये-कोल आहे. मूकपट दाखवत पडद्यासमोर उत्स्फूर्त ऑर्गन वाजवणं किंवा ऑर्गनला तालवाद्यांची जोड देणं असे प्रयोगही या महोत्सवात होतात. ते जरूर पाहावेत, पण पहिल्याच संध्याकाळी नको.

कुठे बसायचं हा प्रश्न तिकिटाइतकाच महत्त्वाचा आहे. ऑर्गन बहुतेक ठिकाणी मागच्या दरवाज्यावरच्या सज्जात असतो आणि खुर्च्यांची तोंडं वेदीकडे, म्हणजे वादक श्रोत्यांच्या पाठीमागे. लोक सवयीने पुढच्या रांगा धरतात. तिथे मूळ आवाजापेक्षा प्रतिध्वनीच जास्त पोहोचतो. सज्जाच्या बरोबर खालीही बसू नये. तिथे उंच नळ्यांचा आवाज डोक्यावरून निघून जातो आणि खाली लाकडी यंत्रणेची खडखड तेवढी उरते. लांबट दालनाच्या मध्याच्या जरा मागे, सज्जापासून पंधरा-वीस मीटरवर, मधल्या वाटेलगत बसावं. जाड खांबाच्या आड बसलात तर वरच्या पट्टीचे सूर बोथट होतात, कारण खालचे सूर खांबाला वळसा घालून येतात आणि वरचे अडतात. सँतेत्येन कॅथेड्रलमध्ये मात्र हा हिशोब चालत नाही. तिथला ऑर्गन पाखराच्या घरट्यासारखा भिंतीला उंचावर टांगलेला आहे, आणि कॅथेड्रलचे दोन भाग एका रेषेतही नाहीत. आत शिरल्यावर आधी मान वर करून वाद्य कुठे आहे ते शोधा, मग ते थेट दिसेल अशी खुर्ची धरा. न दिसणाऱ्या जागी आवाज भिंतींवर आपटून, उशिरा येतो.

खुर्च्यांना क्रमांक नसतील तर अर्धा-पाऊण तास आधी पोहोचा. ऑक्टोबरच्या संध्याकाळी दगडी चर्च थंडगार असतात आणि मैफलीआधी हीटर बऱ्याचदा मुद्दाम बंद ठेवतात. त्याला कारण आहे. हवा तापली की तिच्यातून आवाज वेगाने जातो आणि साध्या नळ्यांचा सूर चढतो. एका अंश सेल्सियसला सुमारे ३ सेंट, म्हणजे अर्ध्या सुराच्या शंभरातले ३ भाग. १० अंशांच्या फरकाने ४४० चा सूर जवळजवळ ४४८ वर जातो. पातीच्या नळ्या मात्र तितक्या चढत नाहीत, त्यांचा सूर मुख्यतः धातूच्या पात्यावर ठरतो. मग एकाच वाद्यातले दोन गट एकमेकांशी बेसूर होतात. सकाळच्या थंडीत जुळवलेली तुतारी (तीही पातीची नळीच) रात्री चर्च माणसांनी भरल्यावर खुपायला लागते ती यामुळेच. जुळवणारा कारागीर म्हणूनच मैफलीच्या वेळचं तापमान धरून काम करतो, आणि हजारो नळ्या हलवण्यापेक्षा मोजक्या पातीच्या नळ्याच सारख्या करतो. थोडक्यात, स्वेटर आणि जाड मोजे घेऊन जा. बसायला वेताच्या कडक खुर्च्या असतात, पातळ उशी चालते. चर्चमध्ये स्वच्छतागृह असेलच असं नाही, ते काम आधी उरकून घ्या. जेवणाचंही तसंच: फ्रान्समध्ये उपाहारगृहं संध्याकाळी साडेसातच्या आत क्वचितच वाढतात. मैफल आठच्या सुमाराची असेल तर दुपारचं जेवणच पोटभर घ्यावं.

मैफल चालू असताना काही गोष्टी बिघडल्यासारख्या वाटतात, पण त्या बिघाड नसतात. दोन तुकड्यांमध्ये लांब शांतता पडते, वरून लाकडी ठकठक येते. एकोणिसाव्या शतकातल्या या वाद्यांत स्टॉपचे संच आधीच साठवून ठेवण्याची सोय नसते. वादकाच्या दोन्ही बाजूंना दोन मदतनीस उभे राहून हाताने स्टॉप ओढतात आणि ढकलतात. एखादा सूर पट्टी सोडल्यावरही वाजत राहिला तर तो मात्र खरा बिघाड. झडपेखाली कचरा अडकतो, ओलाव्याने लाकूड फुगतं किंवा स्प्रिंग सुटते, आणि नळीला वारा मिळत राहतो. कोणीतरी वाद्याच्या आत शिरून ती नळी उचलून ठेवेपर्यंत थांबावं लागतं. अशा वेळी उठून जाऊ नका, काम बहुतेकदा काही मिनिटांत होतं.

टाळ्यांची घाई करू नये. शेवटचा स्वरमेळ सुटल्यावर सँ-सेर्नँमध्ये आवाज आणखी कित्येक सेकंद हवेत तरंगत असतो, आणि वादकाने तो मोजलेला असतो. पडदा लावून कॅमेऱ्याने वादकाचे हात-पाय दाखवत असतील तर पायांकडे बघा. पायपट्ट्यांवर टाच आणि बोटं आलटून-पालटून कशी पडतात ते एरवी खालून दिसत नाही.

चर्च जवळजवळ आहेत. कापिटोलच्या चौकातून र्यू द्यु तोर हा अरुंद रस्ता धरला की वाटेत तोरचं चर्च लागतं आणि टोकाला सँ-सेर्नँ. दाल्बाद आणि जेझूसाठी मेट्रोच्या ‘बी’ मार्गावरचं कार्म स्थानक सोयीचं, सँतेत्येनसाठी त्याच मार्गावरचं फ्राँस्वा-व्हेर्दिए. दिवसाला दोन मैफलींपेक्षा जास्त ठेवू नका. तिसरीपर्यंत कान थकतो आणि सगळे स्टॉप सारखेच वाटू लागतात. पॅरिसहून वेगवान रेल्वेने तुलूझ सव्वाचार-साडेचार तासांवर आहे. भारतातून जाणाऱ्यांनी शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो हे धरून उन्हाळ्यातच कागद जमवावेत, कारण अर्ज द्यायची तारीख मिळायलाच वेळ लागतो.

तिकिटं संपली असतील तर रविवारच्या प्रार्थनेला जा. ऑर्गन तिथेही वाजतो, पैसे लागत नाहीत. प्रार्थना चालू असताना आत हिंडू नये, फोटो काढू नयेत, सगळे उभे राहिले की उभं राहावं. लोक बाहेर पडू लागल्यावर वादक शेवटचा मोठा तुकडा वाजवतो. त्या वेळी गर्दीबरोबर बाहेर न जाता जागेवरच बसून राहा.