बिघडलेला प्रोसेसर ओळखणे आणि वॉरंटीत बदलून घेणे

प्रोसेसर गेला, असं सगळ्यात शेवटी म्हणायचं. एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा), रॅम आणि मदरबोर्ड यांच्या मानाने तो क्वचितच बिघडतो, त्यामुळे आधी बाकीच्यांवरचा संशय फिटायला हवा. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतले आय५-१३६००के, आय५-१४६००के आणि त्यांच्या वरचे आय७, आय९ मात्र अपवाद आहेत. जास्त व्होल्टेज आणि उष्णतेमुळे त्यांच्या कोअरमधलं (हिशोब करणाऱ्या भागांमधलं) क्लॉकचं, म्हणजे ताल ठरवणारं, सर्किट झिजतं.

असा प्रोसेसर एकदम बंद पडत नाही, हिशोबात चुकतो. मोठी झिप फाइल उघडताना सीआरसी एरर (फाइलमधला डेटा जुळत नसल्याची सूचना) येते, ग्राफिक्स ड्रायव्हर अर्ध्यावर अडकतो, ग्राफिक्स कार्डात भरपूर मेमरी असूनही गेम ‘व्हिडिओ मेमरी संपली’ म्हणत बंद होतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगरच्या (हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्या भागाच्या) १८ किंवा १९ क्रमांकाच्या नोंदी दिसतात. मशीन सुरूच होत नसेल, तर आधी दुसरा एसएमपीएस लावून बघा.

तपासणीआधी अर्थिंग बघा. मल्टिमीटरवर न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. मग कूलर साफ करा. निपाणीकडे तंबाखूची धूळ हीटसिंकच्या पात्यांत घट्ट बसते आणि या इंटेलचं तापमान १०० अंशांवर गेलं की तो स्वतःच वेग उतरवतो. तो बिघाड नव्हे.

आता बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग, बंद करा, रॅमची एकच पट्टी ठेवा आणि पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमचे चारही पास (फेऱ्या) पूर्ण होऊ द्या. एकही एरर आली, तर पट्टी बदलून पुन्हा बघा. रॅम स्वच्छ निघाली की प्राइम९५ या प्रोग्रॅमची स्मॉल एफएफटी चाचणी तासभर चालवा, ती मुख्यतः प्रोसेसरवरच ताण देते. सोबत १०-१५ जीबीच्या एकाच फाइलचा एसएचए-२५६ हॅश (फाइलमधल्या मजकुरावरून निघणारा ठरावीक आकडा) ७-झिपने तीन-चार वेळा काढा. फाइल तीच असून उत्तर बदललं, तर कुणीतरी नक्की चुकतंय. शेवटी बायोसमध्ये पी-कोअरचा (जलद कोअरचा) रेशो, म्हणजे वेगाचा गुणक, दोन-तीनने उतरवा. एवढ्याने एरर थांबल्या, तर संशयाला फारशी जागा उरत नाही. प्रत्येक एररचा स्क्रीनशॉट ठेवा.

बायोस अपडेटने झीज भरून येत नाही, पुढची झीज रोखली जाते. तरी अपडेट आत्ताच करा: त्यातला मायक्रोकोड (प्रोसेसरला दिलेल्या अंतर्गत सूचना) ०एक्स१२बी (सप्टेंबर २०२४) किंवा त्यानंतरचा हवा. जुन्या बायोसवर नवा प्रोसेसर बसवला, तर त्याचीही तीच गत होईल.

क्लेम कुणाकडे, हे खरेदीवर ठरतं. बॉक्स प्रोसेसरला (डब्यासकट सुटा विकलेल्या) इंटेलची तीन वर्षांची वॉरंटी असते. वर सांगितलेल्या बाधित मॉडेलांना ती वाढवून पाच वर्षं केली आहे. असेंबल मशीनमध्ये ट्रे प्रोसेसर (डब्याशिवाय आलेला) असेल, तर ज्याने मशीन दिलं त्याच्याकडेच जा. कंपनीचं तयार मशीन असेल, तर स्वतः उघडू नका. बिल कोल्हापूरचं असो वा हुबळीचं, चालतं, पण जीएसटी बिल पक्कं हवं. साध्या चिठ्ठीवर अडवणूक होते.

प्रोसेसर काढण्याआधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) ४८ अंकी रिकव्हरी की लिहून घ्या. प्रोसेसर बदलल्यावर विंडोज ती मागू शकते. मशीन दहा मिनिटं चालवा म्हणजे प्रोसेसर आणि कूलरमधली थर्मल पेस्ट मऊ होईल. मग बंद करून वायर काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा. कूलरचे स्क्रू तिरपे-समोरासमोर थोडे थोडे सोडवा आणि कूलर डावी-उजवीकडे फिरवून उचला. एएमडीच्या एएम४ सॉकेटवरच्या रायझन प्रोसेसरमध्ये हे विसरलात, तर प्रोसेसर पेस्टला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात.

इंटेलच्या पिना सॉकेटमध्ये असतात. प्रोसेसर कडांनी धरून उचलला की त्याच क्षणी सॉकेटवर काळं झाकण बसवा. पिन वाकली, तर मदरबोर्डची वॉरंटी जाते. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात मशीन असेल, तर हे काम शॉप फ्लोअरवर करूच नका. हवेतला लोखंडाचा कीस पिनांवर पडला की शॉर्ट होतो.

आयसोप्रोपिल अल्कोहोलने पेस्ट पुसा. धातूच्या पाठीवरचा एफपीओ नंबर (बॅच नंबर) खिडकीच्या उजेडात, प्रोसेसर किंचित तिरपा धरला की स्पष्ट वाचता येतो. एटीपीओ नंबर (सिरियल नंबर) बॉक्सच्या लेबलवर मिळतो. बॉक्सवरचे नंबर प्रोसेसरशी जुळतात का पाहा. दोन्हींचे फोटो, बिल आणि स्क्रीनशॉट जोडून वॉरंटीची विनंती ऑनलाइन नोंदवा. मंजुरी येईपर्यंत कुरिअर करू नका. पाठवताना प्रोसेसर मूळ प्लॅस्टिकच्या डबीत ठेवा आणि पॅकिंगचा व्हिडिओ काढा. पावसाळ्यात खानापूर-जांबोटीकडून पार्सल जाणार असेल, तर सिलिका जेलची पुडी आणि बाहेरून प्लॅस्टिकचं वेष्टन हवंच.

नवा बसवताना प्रोसेसरवरची आणि सॉकेटवरची त्रिकोणाची खूण जुळवा, वरून दाबू नका. पेस्टची बारीक रेघ लांबीच्या दिशेने पुरते. बायोसमध्ये इंटेल डिफॉल्ट सेटिंग्ज निवडा, हॅशची आणि प्राइम९५ ची चाचणी पुन्हा घ्या. सगळं निर्धोक निघालं, की एक्सएमपी चालू करून मेमटेस्ट८६ आणखी एकदा चालवा.