श्रावणबाळ पेन्शन: अर्ज करताना कुठे अडतं

महाराष्ट्रात १५ वर्षं राहिलेल्या, ६५ किंवा त्याहून जास्त वयाच्या निराधार व्यक्तीला श्रावणबाळ योजनेतून महिना १,५०० रुपये मिळतात. कुटुंब दारिद्र्यरेषेखालच्या यादीत हवं, नाहीतर वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत.

आधी तहसीलदारांचा उत्पन्न दाखला काढा, वेळ त्यातच जातो. मग वयाचा पुरावा, रहिवासी दाखला, रेशनकार्ड, आधार, पासबुक जोडून तहसील कार्यालयातल्या संजय गांधी योजना शाखेत किंवा सेतू केंद्रात अर्ज द्या. पोच घेतल्याशिवाय परतू नका. शाळेचा दाखला नसेल तर सरकारी डॉक्टरांचा वयाचा दाखला चालतो. आधारवरचं वय कमी असेल, तर ते आधी दुरुस्त करून घ्या.

मंजुरीनंतरही पैसे येत नाहीत, त्याचं कारण बहुधा खात्यात सापडतं. थेट लाभाची रक्कम आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जाते; आजी मात्र जुनंच पासबुक भरून पाहत राहते. बँकेत ‘आधार सीडिंग’ (म्हणजे आधारची जोडणी) कोणत्या खात्याला आहे, हे स्पष्ट विचारा.

दरवर्षी हयातीचा दाखला द्यावाच लागतो, नाहीतर पेन्शन थांबते. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी तलाठ्यांना घरी येण्याची विनंती लेखी करा. अडचण आल्यास १४५६७ ही ज्येष्ठांची मोफत हेल्पलाइन आहे.