रोबोटिक पूल क्लीनर किती वेळा चालवावा?

पोहण्याच्या हंगामात जलतरण तलावात रोबोटिक क्लीनर आठवड्यातून 2 ते 3 वेळा चालवणे बहुधा पुरेसे असते. मात्र काठावर झाडे असतील, वादळ होऊन गेले असेल किंवा पोहणाऱ्यांची वर्दळ वाढली असेल, तर तो रोज चालवावा, कारण तळाशी कुजणाऱ्या पाल्यावर क्लोरीन खर्ची पडते आणि शेवाळाला आयते खाद्य मिळते. तलाव झाकलेला असल्यास आठवड्यातून एकदा पुरते. खरा निर्णय मात्र क्लीनरमधली गाळणी पाहून घ्यावा: प्रत्येक वेळी ती बारीक, बुळबुळीत गाळाने गच्च भरलेली निघाली, तर फेऱ्या निःसंकोच वाढवाव्यात. क्लोरीनची मोठी मात्रा दिल्यावर पातळी उतरेपर्यंत यंत्र पाण्यात सोडू नये. काम संपताच ते बाहेर काढून, गाळणी धुऊन सावलीत ठेवावे.